वॉर्डाचीही नाडी पाहावी लागते

रुग्णालयात रात्र काढण्याचा प्रसंग प्रत्येक घरावर केव्हा ना केव्हा येतोच. खाटेशेजारच्या स्टुलावर, नाहीतर खाटेखाली चटई पसरून आपण पडलेले असतो. डोळ्याला डोळा लागत नाही. सलाइनच्या बाटलीतले थेंब मोजता मोजता एक गोष्ट आपल्या ध्यानात येऊ लागते. काही वॉर्डांत बाटली संपत आली की कुणी न बोलावता सिस्टर येऊन उभी राहते. काही वॉर्डांत मात्र आपल्याला तीन वेळा टेबलापर्यंत खेटे घालावे लागतात आणि चौथ्यांदा ‘येतेय म्हटलं ना!’ हे ऐकून परतावे लागते. इमारत तीच, पगार तोच, सरकारी जी.आर. तोच आणि माणसांची टंचाईही तीच. मग एका मजल्यावर माणुसकी आणि दुसऱ्या मजल्यावर तुसडेपणा, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर आपण झटकन देऊन मोकळे होतो. ‘ती सिस्टर स्वभावाने चांगली होती’ किंवा ‘तो वॉर्डबॉय मुळातच उर्मट होता.’ स्वभावाचा भाग असतो, नाही असे नाही. परंतु कोणत्याही अनुभवी इनचार्ज सिस्टरला विचारा. मरगळलेल्या वॉर्डातली, कामचुकार म्हणून शिक्का बसलेली मुलगी बदली होऊन दुसऱ्या वॉर्डात आली आणि चार-सहा महिन्यांत पार बदलून गेली, अशी उदाहरणे त्या सांगतील. याच्या उलट घडलेलीही सांगतील. म्हणजे माणसाला जसा स्वभाव असतो, तसा वॉर्डालाही असतो. आणि तो घडवण्यात त्या विभागाच्या प्रमुखाचा वाटा सर्वांत मोठा असतो. रुग्णाची नाडी पाहणारे पुष्कळ असतात. वॉर्डाची नाडी पाहणारे कितीसे असतात, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. बँकेत किंवा तहसील कचेरीत कर्मचारी निरुत्साही असला तर आपला वेळ जातो, चिडचिड होते. रुग्णालयात तो निरुत्साही असला तर जीव जाऊ शकतो. शिवाय रुग्णालयातल्या कामाचे एक वैशिष्ट्य आहे. तिथले सर्वांत महत्त्वाचे काम बहुतेक वेळा कुणीही पाहत नसताना होत असते. रात्री तीन वाजता एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना सिस्टरने हात धुतले की नाही, बेशुद्ध आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवले की नाही, मावशींनी भांडे खरोखर स्वच्छ केले की नुसते विसळून ठेवले, हे कोण पाहतो? केसपेपरवर सह्या तर दोन्हीकडे सारख्याच असतात. कॅमेरे लावून, हजेरीला अंगठ्याचे यंत्र बसवून माणूस जागेवर आहे एवढेच कळते; त्याचे मन जागेवर आहे की नाही, ते कळत नाही. असे मन हुकूम देऊन तयार करता येत नाही. ते जागे ठेवता येते किंवा मारून टाकता येते, एवढेच.

गुलाबाचे फूल आणि मेमो

आपल्याकडे मात्र कर्मचाऱ्यांची उमेद वाढवण्याचे दोनच उपाय ठरून गेल्यासारखे दिसतात. पहिला उपाय गुलाबाच्या फुलाचा. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. सभागृहात मेणबत्त्या लावल्या जातात, पाहुणे ‘तुम्ही देवदूत आहात’ असे सांगतात, प्रत्येकीच्या हाती एक फूल आणि एक पेढा पडतो. समारंभ संपतो आणि ती ‘देवदूत’ पुन्हा आपल्या वॉर्डात येते. तिथे बी.पी.चे एकच यंत्र चालू असते आणि तेही शेजारच्या वॉर्डाने नेलेले असते. कौतुक वाईट नाही. पण ज्या गोष्टीसाठी ती वर्षभर अर्ज करते आहे त्या अर्जाला उत्तर नाही आणि न मागितलेले फूल मात्र आहे, तेव्हा त्या फुलाचा वास येत नाही.

दुसरा उपाय मेमोचा. काही बिघडले की कारणे दाखवा नोटीस काढा, बदली करा, निलंबित करा. या उपायाचे टोकाचे रूप सगळ्या महाराष्ट्राने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवर पाहिले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. सारे राज्य हादरले. त्यानंतर पाहणीला गेलेल्या एका खासदारांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. पुढे या प्रकरणी गुन्हाही नोंदवला गेला. स्वच्छतागृह अस्वच्छ होते यात शंका नाही आणि लोकांचा संतापही खरा होता. पण ते दृश्य पाहून त्या रुग्णालयातल्या आणि राज्यातल्या इतर रुग्णालयांतल्या हजारो कर्मचाऱ्यांनी कोणता धडा घेतला असेल? स्वच्छता महत्त्वाची आहे, हा? की गोंधळ झाला म्हणजे जो समोर सापडेल त्याच्या हातात झाडू येतो, म्हणून आपण समोर सापडू नये, हा? अपमानाने माणसे काम शिकत नाहीत, लपायला शिकतात. आणि रुग्णालयात लपलेली चूक ही उघड्या चुकीपेक्षा कितीतरी अधिक घातक असते.

आधी जखम बुजवा

कामाची उमेद कशाने येते यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी केलेला अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या : कामावर असताना तुम्हाला फार बरे वाटले असा प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटले असा प्रसंग सांगा. उत्तरे पाहिली तर आनंदाची कारणे आणि दुःखाची कारणे एकमेकांच्या उलट नव्हती. ती निराळीच होती. वाईट वाटण्याच्या गोष्टींत नियमांचा जाच, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाच्या जागेची अवस्था हे सारे येत होते. बरे वाटण्याच्या गोष्टींत मात्र काही साधल्याचे समाधान, त्याची कुणीतरी घेतलेली दखल, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम हे होते. पहिल्या प्रकारच्या गोष्टींना हर्झबर्ग यांनी नाव दिले ते आरोग्यशास्त्रातले, ‘हायजिन’. स्वच्छ पाणी प्यायल्याने माणूस पहिलवान होत नाही, पण ते नसले तर तो आजारी मात्र हमखास पडतो. पगाराचे आणि सोयींचे तसेच आहे.

आपल्याकडच्या चर्चेत नेमकी इथेच गल्लत होते. एक पक्ष म्हणतो, ‘पगार वाढवा, माणसे भरा, सगळे सुरळीत होईल.’ दुसरा म्हणतो, ‘पैशाने काय होते? सेवाभाव हवा.’ खरे पाहता दोन्ही लागते आणि क्रमाने लागते. पाण्याशिवाय पहिलवानकी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एक सिस्टर हे दृश्य ज्याने पाहिलेले नाही असा माणूस विरळा. तीच गोष्ट नेमणुकांची. एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या दोघींपैकी एक कायम आणि दुसरी कंत्राटी असते. एकीच्या पगारात दुसरीसारख्या दोघी बसतात. अशा ठिकाणी ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ हे भाषण ऐकणाऱ्याच्या मनात काय येत असेल, ते सांगायला नको. उमेदीच्या गप्पा म्हणजे रिकाम्या पदांवर घालायचे पांघरूण नव्हे, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे.

सुरक्षिततेचेही तसेच. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला आणि देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले. लांबलेल्या ड्यूटीत घटकाभर पडायला म्हणून ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. छत्तीस-छत्तीस तास राबणाऱ्या माणसाला पाठ टेकायला कुलूप लागेल अशी एक खोली असू नये, ही गोष्ट त्या भीषण घटनेनंतरच आपल्याला दिसली. आपल्या राज्यात रुग्णसेवा देणाऱ्यांवरच्या हिंसाचाराविरुद्ध २०१०चा कायदा आहे. पण दाराशी पहारेकरी नसेल, विश्रांतीच्या खोलीला कडी नसेल, तर कायद्याचे पुस्तक रात्री दोन वाजता कुणाच्या उपयोगी पडणार?

एक गंजलेले चाक

एवढे सगळे झाले म्हणजे उमेद येईल का? नाही. तिथून पुढे विभागप्रमुखाचे काम सुरू होते. आणि प्रमुखाच्या हातात बरेच काही असते. पदे भरणे मंत्रालयाच्या हाती असेल, पण वॉर्डातल्या ट्रॉलीच्या गंजलेल्या चाकात तेल घालायला कॅबिनेटची मंजुरी लागत नाही.

हे चाकाचे उदाहरण क्षुल्लक वाटेल, पण माणसे मोठ्या संकटांनी जेवढी खचत नाहीत तेवढी रोजच्या बारीकसारीक अडवणुकीने खचतात. कपाटाची किल्ली सापडत नाही, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना एकच आहे, मोडकी खुर्ची निकाली काढण्याचा कागद दोन वर्षे फिरतो आहे. अनेक ठिकाणी तर चांगली वस्तू वापरायलाच काढत नाहीत. डेडस्टॉक रजिस्टर सिस्टरच्या नावावर असते. वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार? म्हणून नवे यंत्र कुलपात आणि जुने वापरात! रुग्णाची सेवा करावी म्हणून जी मुलगी या व्यवसायात आली, तिचा अर्धा दिवस वस्तू शोधण्यात आणि रजिस्टर भरण्यात जातो. तिला काम नको असते असे नव्हे; ज्या कामासाठी आले तेच करता येत नाही, याचा तिला शीण येतो. मग काही वर्षांनी ती धडपडणे सोडून देते आणि आपण म्हणतो, ‘यांना काही पडलेलंच नाही.’

नाइटिंगेलबाईंना आपण हातात दिवा घेतलेल्या करुणामूर्ती म्हणून ओळखतो. पण १८५४च्या नोव्हेंबरात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्यावर त्यांनी लक्ष घातले ते घासायच्या ब्रशांत, कपडे धुण्याच्या सोयीत आणि स्वयंपाकघरात. त्या मोठ्या व्यवस्थापक होत्या. परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी ‘जबाबदारी असणे’ म्हणजे काय, याचा विचार केला आहे. योग्य गोष्ट आपण स्वतः करणे एवढ्याने जबाबदारी पुरी होत नाही, आपण तिथे नसतानाही ती होत राहील अशी व्यवस्था लावणे म्हणजे जबाबदारी, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. दीडशेहून अधिक वर्षे झाली, विभागप्रमुखाची याहून चांगली कसोटी अजून सापडलेली नाही. साहेब राउंडला आले की वॉर्ड चकाचक आणि साहेबांची पाठ वळली की पुन्हा जैसे थे, असे असेल तर ते साहेबांच्या दराऱ्याचे यश नसून त्यांच्या नेतृत्वाचे अपयश आहे.

अमेरिकेत एके काळी परिचारिकांची मोठी टंचाई होती. रुग्णालयांत माणसे टिकेनात. त्या काळात काही रुग्णालये मात्र अशी होती की जिथे परिचारिका आपण होऊन येत आणि राहत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी ४१ रुग्णालये निवडून त्यांच्यात समान काय आहे, ते शोधले गेले. लोहचुंबकासारखी माणसे खेचतात म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ रुग्णालये असे नावच पडले. तिथे परिचर्या विभागाच्या प्रमुख केबिनमध्ये न बसता वॉर्डांत दिसत, सहज भेटत. ड्यूटीच्या वेळा ठरवताना माणसांच्या अडचणी विचारात घेतल्या जात. आणि रुग्णाच्या शुश्रूषेच्या बाबतीत परिचारिकेच्या शब्दाला वजन होते. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

‘थांबा, सर!’ म्हणण्याची सोय

तिसऱ्या गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण आपल्या रुग्णालयांत ती सर्वांत दुर्मिळ आहे. आपल्याकडे वॉर्डातली उतरंड पक्की असते. प्राध्यापकसाहेबांपुढे निवासी डॉक्टर बोलत नाही, निवासी डॉक्टरपुढे सिस्टर बोलत नाही आणि सिस्टरपुढे मावशी बोलत नाहीत. वस्तुतः रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असतात त्या मावशीच. ‘सहा नंबरच्या आजींनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही’ हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. पण विचारतो कोण?

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेने दोन रुग्णालयांतल्या आठ वॉर्डांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. हे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. जिथे प्रमुख चांगल्या, एकोपा चांगला, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे आले ते उलटे! चांगल्या वॉर्डांतच चुका जास्त. बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत शिक्षेच्या धाकाने त्या झाकल्या जात होत्या. ज्या वॉर्डाच्या नोंदवहीत एकही चूक नाही, त्याला पारितोषिक देण्याआधी आपण जरा विचार केलेला बरा.

मिशिगन राज्यात यापुढचे पाऊल टाकले गेले. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून रक्तात जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेतू शकतो. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तो टाळण्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली : हात धुणे, विशिष्ट जंतुनाशकाने त्वचा पुसणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे आणि डॉक्टरांनी टोपी-मास्क-गाऊन घालणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. यांत कोणत्याही डॉक्टरला माहीत नसलेले काहीच नव्हते. नवे होते ते निराळेच. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला गेला आणि वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहतील अशी हमी दिली गेली. शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हा प्रयोग झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर हजार ‘नळी-दिवसां’मागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, ते दीड वर्षात १.४वर आले. जंतुनाशक तेच, डॉक्टर तेच. सिस्टरला तोंड उघडायची परवानगी मिळाली, एवढाच फरक नव्हता; पण तो फरक नसता तर ती यादी भिंतीवरच राहिली असती.

अशाच यादीची गोष्ट जगभर नेणारे डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या यादीतली एक पायरी मोठी मजेची आहे. सुरी टेकवण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगायचे. बस! ज्या माणसाने एकदा आपले नाव मोठ्याने सांगितले, तो पुढे काही गडबड दिसली तर बोलण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे वर्षानुवर्षे एकाच ऑपरेशन थिएटरात काम करणाऱ्या मामांचे नाव किती सर्जनांना ठाऊक असते?

वॉर्ड क्रमांक ४

‘हे सगळे परदेशात ठीक आहे. आपल्या लोकांत ती वृत्तीच नाही,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या वॉर्ड क्रमांक ४ची आठवण करून द्यावीशी वाटते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्यांना घास भरवणे, अंग पुसणे, कूस वळवणे हे सारे त्याच रुग्णालयातल्या परिचारिका आणि कर्मचारी करत राहिले. महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवण्याचा घाट घातला, तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून तो हाणून पाडला. इच्छामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला, त्यातही या शुश्रूषेचा मुक्तकंठाने गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या बाईंना शय्याव्रण होऊ दिला नव्हता.

शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्याला विचारावे. दिवसा-रात्री, दिवाळीला, गणपतीत, पावसात लोकल बंद पडलेल्या दिवशीसुद्धा कुणीतरी वेळेवर यावे लागते. या ४२ वर्षांत जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या. नव्यांतल्या कितीतरी जणींचा तर त्या घटनेच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. गर्दीने फुटणारे महापालिकेचे रुग्णालय, टंचाई तीच, पगार तोच. तरी एका खाटेपुरती ही आस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कारण ते काम कुणी लादलेले नव्हते. ते त्यांचे स्वतःचे होते. ज्येष्ठ सिस्टर करत होत्या म्हणून कनिष्ठ करत गेल्या. म्हणजे वृत्ती नाही, हे खरे नव्हे. एका खाटेपाशी जे जमले ते उरलेल्या खाटांपाशी का जमू नये, हा प्रश्न कर्मचाऱ्यांना विचारण्याआधी त्यांच्या प्रमुखांना विचारला पाहिजे.

सोमवारी सकाळी

आपल्याकडे विभागप्रमुख होतो कोण? ज्याची सेवाज्येष्ठता अधिक तो. उत्तम सर्जन हा उत्तम प्रमुख असेलच असे नाही, जसा उत्तम गायक उत्तम गुरू असेलच असे नाही. एम.एस., एम.डी.च्या अभ्यासात तो माणसे सांभाळायला शिकलेला नसतो. हे प्रशिक्षण पदोन्नतीआधी मिळाले पाहिजे, ही मागणी आता व्हायला हवी. पण तोवर थांबण्याचेही कारण नाही. काही गोष्टी कोणत्याही प्रमुखाला येत्या सोमवारी सकाळी सुरू करता येतील.

पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना ‘ओव्हर’ देतात, तेव्हा दहा मिनिटे सर्वांनी, मावशी आणि मामांसकट, उभ्याने एकत्र यावे. प्रमुखाने एकच प्रश्न विचारावा : काल काम करताना कशाने अडले? जे अडले त्यातली एक गोष्ट आठवड्यात दूर करावी आणि फळ्यावर तारखेसह लिहावी. जी जमणार नाही ती का जमणार नाही, तेही सांगावे. लोक नकार समजून घेतात, मौन समजून घेत नाहीत. ड्यूटी लिस्ट महिनाभर आधी लागावी आणि सणाच्या रात्रपाळ्या दरवर्षी त्याच त्या गरिबाच्या वाट्याला येऊ नयेत. चूक झाली तर ‘कुणी केली?’ याआधी ‘कशी झाली?’ हे विचारावे. जाणूनबुजून केलेल्या हयगयीला मात्र क्षमा नको, कारण कामसू माणसाला सर्वांत जास्त नाउमेद करतो तो शेजारचा निर्धास्त कामचुकार. शाबासकी द्यायची ती नेमकी द्यावी. ‘छान काम करता’ यापेक्षा ‘काल रात्री त्या बाळाचा श्वास बदललाय हे तुम्ही ओळखलंत’ हे वाक्य दहा वर्षे लक्षात राहते. आणि महिन्यातून एकदा तरी प्रमुखाने रात्री दोन वाजता वॉर्डात यावे, पकडायला नव्हे, चहा प्यायला.

आपणा नातेवाइकांचेही काही देणे लागते. व्यवस्थेवरचा आपला राग आपण समोर दिसणाऱ्या पहिल्या पांढऱ्या कोटावर काढतो. तक्रार जरूर करावी, लेखी करावी, वरपर्यंत न्यावी. पण माणूस बरा होऊन घरी जाताना डॉक्टरांना पेढ्यांचा पुडा देताना ज्या मावशींनी भांडे दिले आणि ज्या सिस्टरने रात्र जागवली, त्यांचे नाव आपण विचारले होते का? अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी नावानिशी लिहायला पैसे पडत नाहीत. असल्या ओळी कुणीतरी जपून ठेवते.

आज रविवार. घरोघर उशिरा चहा होत असेल. याच वेळी कुठल्यातरी वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर ओव्हर देऊन, पायातल्या चपला ओढत बसथांब्याकडे निघाली असेल. पहाटे तीन वाजता तिने एका अनोळखी म्हाताऱ्याला कुशीवर वळवले होते, हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. उद्या रात्रीही ती ते करील की नाही, हे बरेचसे यावर ठरेल की आज निघताना तिच्या प्रमुखाने तिला विचारले का, ‘सिस्टर, रात्र कशी गेली?’ आणि विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला ते थांबले का.